दोन चाळी, एकशे साठ खोल्या

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या दिवशी धम्मावर व्याख्यान होते. यंदा समितीने आम्हाला सांगितले, "आपल्या दोन चाळींचा इतिहास सांगा." आम्ही म्हटले, चाळीचा कसला इतिहास? बांधल्या, राहिलो, पाडल्या. पण घरी जाऊन विचार केला तेव्हा लक्षात आले, की आज आपण हा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये करतो आहोत. कारण दोन चाळींच्या मधली आपली विहाराची जागा चाळींबरोबरच गेली. समोर पहिल्या रांगेत बसलेल्या लेकरांपैकी कितीतरी जणांनी ती चाळ पाहिलेलीच नाही. आणखी वीस वर्षांनी "तुमचे आजोबा कुठे राहायचे?" असे कुणी विचारले तर ही मुले काय सांगणार? म्हणून आज बोलतो. शेवटी एक गोष्ट कबूलही करायची आहे. ती ऐकताना कुणाला वाईट वाटले तर अगोदरच क्षमा मागतो.

आपल्या दोन चाळी म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळींपैकी दोन. बीडीडी म्हणजे काय, हे आमच्या पिढीतल्या अनेकांनाही ठाऊक नव्हते. 'बीडीडीत राहतो' एवढेच म्हणायचो. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे इंग्रज सरकारचे खाते, १९२० साली काढलेले. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड होते. पहिले महायुद्ध संपले होते, गिरण्या जोरात चालत होत्या आणि कामगाराला राहायला जागा नव्हती. एकेका खोलीत दोन-दोन, तीन-तीन कुटुंबे. तेव्हा सरकारने ५०,००० खोल्या बांधायचे ठरवले. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे १ रुपया कर बसवला. ५०,००० च्या काही खोल्या झाल्या नाहीत. सोळा हजारांच्या वर थोड्या झाल्या आणि काम थांबले. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गाला ३२ आणि शिवडीला १२. एकूण २०७.

प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची. एका मजल्यावर २० खोल्या, एका चाळीत ८०. म्हणजे आपल्या दोन चाळींच्या मिळून १६०. खोली १६० चौरस फुटांची. मध्ये लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. बोळात भर दुपारीही अंधार. नळाची मोरी खोलीत, संडास मात्र मजल्याचे सामाईक. सकाळी डबा घेऊन रांगेत उभे राहिलेला माणूस गिरणीतला जॉबर असो की बँकेतला साहेब, रांग ती रांग. तिथे कुणाचा वशिला चालत नसे.

भिंती सिमेंट-काँक्रीटच्या. आम्हाला त्याचा मोठा अभिमान. खिळा ठोकायला गेले तर खिळा वाकायचा. पण सुरुवातीला याच चाळींवर लोक नाराज होते, हे आम्हाला फार उशिरा वाचायला मिळाले. उन्हाळ्यात काँक्रीट तापायचे. खिडक्यांच्या जागी बसवलेल्या झडपांतून पाऊस आत यायचा, म्हणून भाडेकरू तिथे गोणपाट लावायचे. गिरणीपासून लांब, जायला धड गाडी नाही आणि भाडे त्या मानाने जास्त. त्यामुळे पहिली काही वर्षे वरळीच्या हजारो खोल्या रिकाम्या पडल्या होत्या! पुढे १९३० च्या चळवळीत सरकारने इथल्याच काही चाळींचा तुरुंग केला आणि सत्याग्रहींना त्यात कोंडले. ज्या खोलीत सरकारला कैदी ठेवावासा वाटला, तशाच खोलीत आपल्या आज्या-पणज्यांनी संसार केला. आपली मुले "चाळीत काय मजा होती" असे ऐकत वाढतात. मजा होती, नाही असे नाही. पण त्या खोल्या माणसाला पुरेल एवढी जागा म्हणून बांधल्या नव्हत्या, कामगार रात्री आडवा होईल एवढी जागा म्हणून बांधल्या होत्या. हे विसरून कौतुक करू नये.

आपली माणसे तिथे आली ती बहुतेक कोकणातून. दापोली, खेड, मंडणगड, महाड. काही सातारा-नगरकडून. गावाला जमीन नाही, वतनाची कामे नकोशी झालेली. गिरणीत काम मिळे, पण तेही सगळ्या खात्यांत नाही. साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, पगार बरा. पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याचा उष्टा धागा इतरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. हे मुद्दाम सांगतो, कारण आज आपली नातवंडे विचारतात, "आजोबा, गिरणीत जात कशी होती? तिथे तर मशीन होती ना?" बाळांनो, मशीन होती, पण मशीनवर माणसे होती.

बाबासाहेब स्वतः भाडेकरू होते, हे आपण लक्षात ठेवत नाही. राजगृह आपल्या डोळ्यांपुढे येते. पण राजगृह १९३० च्या दशकातले. त्याआधी जवळजवळ बावीस वर्षे त्यांचे बिऱ्हाड परळच्या पोयबावडीला, बीआयटी चाळ नंबर १ मध्ये, ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्यांत होते. परदेशातून शिकून आले ते याच खोल्यांत. महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदेला गेले, तेव्हा घरचा पत्ता हाच. रमाईने संसाराची ओढाताण सोसली तीही इथेच. सामाईक बोळ आणि सामाईक संडास असलेल्या चाळीत बसून त्या माणसाने एवढा अभ्यास केला. म्हणून आपल्या चाळीत एखादे पोर "घरात जागा नाही, अभ्यास कसा करू" म्हणाले की म्हातारी माणसे म्हणत, "बाबासाहेबांनी कुठे केला?" त्या एका वाक्यावर आपल्या दोन चाळींतून मास्तर झाले, नर्सेस झाल्या, वकील झाले.

६ डिसेंबर १९५६ ची बातमी चाळीत कशी आली, हे आमच्या वडिलांकडून ऐकले आहे. पाळीवर गेलेली माणसे पाळी सोडून परत आली. दोन्ही चाळींत चूल पेटली नाही. १६ डिसेंबरला बाबासाहेब मुंबईत दीक्षा देणार, म्हणून बायकांनी पांढरी लुगडी घेऊन ठेवली होती. तीच नेसून त्या ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर गेल्या. तिथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी दीक्षा दिली. आमची आई सांगायची, "आम्ही रडत गेलो नि बौद्ध होऊन आलो."

त्यानंतर दोन्ही चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत पत्र्याची एक शेड उभी राहिली. तोच आपला विहार. दर खोलीमागे वर्गणी. ज्याला पैसे जमले नाहीत त्याने पाळी सुटल्यावर येऊन अंगमेहनत दिली. संध्याकाळी वंदना झाली की तिथला दिवा बंद करत नसत. मुले तिथेच अभ्यासाला बसत.

१९७४ चा जानेवारी महिना इथल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. ५ तारखेला वरळीत दलित पँथरची सभा झाली आणि दंगल पेटली. १० तारखेच्या परळच्या मोर्चात भागवत जाधवांचा बळी गेला. त्या दिवसांत आपल्या चाळींच्या जिन्यांवर तरुण पोरे रात्र-रात्र पहारा देत होती. समोरच्या चाळीतल्या ज्या माणसांबरोबर काल कॅरम खेळलो, त्यांच्याकडून दगड येत होते. नंतर त्यांच्याशीच पुन्हा बोलणे सुरू झाले, कारण दूधवाला एक, रेशनचे दुकान एक आणि गिरणीही एक. ते दुखणे मात्र आत राहिले.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आपले पुरुष आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत वर्षभर घरी बसले आणि पुष्कळांना परत जाता आलेच नाही. त्या काळात चाळी कुणी चालवल्या? बायकांनी. कुणी खानावळ चालवली, कुणी बंगल्यांवर धुण्याभांड्याला गेली, कुणी भाजी विकली, कुणी मसाला कुटला. त्या वर्षांची विहाराची वर्गणीची वही आम्ही परवा पुन्हा चाळली. नावे सगळी पुरुषांची. पण तेव्हा पुरुषांच्या खिशात पैसा कुठे होता? तो पैसा बायकांचा. वहीत लिहिताना आपण तो पुरुषांच्या नावावर घातला.

इथून आम्ही त्या कबुलीच्या गोष्टीकडे येतो.

चाळी पाडून नवी घरे देण्याची चर्चा अनेक वर्षे चालली. २०१७ च्या एप्रिलमध्ये भूमिपूजन झाले, वरळीला प्रत्यक्ष काम २०२१ मध्ये सुरू झाले. काम म्हाडाकडे. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर. शंभर वर्षांचा भाडेकरू मालक होणार! आनंद व्हायलाच हवा होता आणि झालाही. पण घर कुणाला? तर ज्याचे नाव भाडेपावतीवर, किंवा ज्याने ती पावती रीतसर आपल्या नावावर करून घेतली, त्याला. मग घराघरांतून जुन्या ट्रंका उघडल्या. आजोबांच्या नावाच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या, मधल्या कुणाचेच नाव नाही, भाऊ गावाला, बहिणी सासरी. कोण वारस, कोण नाही. जे भाऊ शंभर वर्षांच्या चाळीत एका ताटात जेवले, ते सहा महिन्यांत एकमेकांच्या लग्नाला जाईनासे झाले. खोटे बोलत असू तर सांगा.

आपल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहायच्या. त्यांचे नाव आज घेत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितले आहे. आपण सगळे त्यांना आक्का म्हणायचो. नवरा गिरणीत होता, संपानंतर दोन-तीन वर्षांत वारला. पावती मोठ्या दिरांच्या नावावर. दीर केव्हाच उपनगरात स्वतःच्या जागेत गेले होते. खोलीत चाळीस वर्षे आक्काच. भाडे त्याच भरायच्या, पण पावती दिरांच्या नावाची फाटायची. दोन मुलींना त्याच खोलीत वाढवले, शिकवले, लग्ने केली. वैशाख पौर्णिमेला विहारात खीर होते ते मोठे पातेले आक्कांनी दिलेले आहे. आजही आपण तेच वापरतो.

पात्रतेची तपासणी आली तेव्हा आक्का आमच्याकडे आल्या. आमच्याकडे म्हणजे समितीकडे. म्हणाल्या, "दादा, तुम्ही सगळ्यांनी मला बघितलंय. मी इथं राहते एवढं लिहून द्या. दीर म्हणतात, खोली त्यांची."

आम्ही लिहून दिले नाही.

का नाही दिले? त्या वेळी आम्ही एकमेकांना सांगितले, की हा घरगुती वाद आहे, विहाराने त्यात पडू नये. आतले कारण वेगळे होते. दीर प्रतिष्ठित माणूस. विहाराच्या फरशीला त्यांनी देणगी दिली होती. पुढच्या बांधकामालाही देणार होते. आम्ही विचार केला, आक्कांचे काय, मुली आहेत, जावई चांगले आहेत, सोय होईल. आक्का एका कचेरीत चार-पाच वेळा एकट्या गेल्या. तिथे त्यांना कागद मागितला. त्यांच्याकडे चाळीस वर्षे होती, कागद नव्हता. खोली दिरांच्या नावावर पात्र झाली.

आपण पंचशील रोज घेतो. खोटे बोलणार नाही असे म्हणतो. आम्ही खोटे बोललो नाही, ही गोष्ट खरी. आम्ही गप्प बसलो. पण जिथे आपल्या एका खऱ्या शब्दावर कुणाचे घर अवलंबून आहे, तिथे गप्प बसणे आणि खोटे बोलणे यात अंतर किती? आम्ही पुष्कळ विचार केला, आम्हाला ते अंतर सापडले नाही.

दिल्लीच्या २६ अलीपूर रोडची हकीकत तुम्हाला माहीत आहे. १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब तिथे राहायला गेले. ते घरही भाड्याचेच. तिथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे घराचा मालक बदलला, माईसाहेबांना ते सोडावे लागले. घर रिकामे होताना बाबासाहेबांचे कागद उघड्यावर पडले आणि पावसात भिजून त्यातले कितीतरी कायमचे गेले. वाचले ते पुढे १९७९ पासून महाराष्ट्र शासनाच्या खंडांतून आपल्यापुढे आले. आता तो जुना बंगला नाही. त्या जागी राष्ट्रीय स्मारक आहे, १३ एप्रिल २०१८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. ही हकीकत आम्ही अनेकदा भाषणात सांगितली आहे. एका विधवेला भाड्याच्या घरातून बाहेर काढले, असे आवाज चढवून सांगितले आहे. आणि आपल्याच तिसऱ्या मजल्यावर तेच होताना आम्ही देणगीची पावती सांभाळत बसलो.

चाळी पाडल्या त्या दिवशी आपण बरेच जण रस्त्याच्या पलीकडे उभे होतो. पोकलेनने पहिला घाव घातला तेव्हा भिंत लवकर पडेना. म्हातारी माणसे म्हणाली, "बघा, शंभर वर्षांचं काँक्रीट." मग एक बाजू खाली आली आणि खोल्या उघड्या पडल्या. कुणाची निळी भिंत, कुणाची गुलाबी, कुणाच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीचा पांढरा चौकोन. प्रत्येक जण बोट दाखवत होता, "ती आमची." आक्का तिथे होत्या. मुलीबरोबर अंबरनाथहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी बोट दाखवले नाही. एवढेच विचारले, "विहारातलं पातेलं नीट ठेवलंय ना?"

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या देण्यात आल्या. आपल्यापैकी काही जण त्या समारंभाला होतो. लोकांच्या डोळ्यांत पाणी होते, आमच्याही होते. चाळीस मजल्यांच्या इमारतीत गिरणी कामगाराची नात मालकीच्या घरात राहायला गेली, ही लहान गोष्ट नाही. संडास घरात आहे, आजारी म्हाताऱ्याला रांगेत उभे राहावे लागत नाही, मुलीला अभ्यासाला दार लावून बसता येते. जुने ते सोने असे म्हणणाऱ्यांनी जरा त्या मुलीला विचारावे. तेव्हा चाळी पाडल्या म्हणून आमची तक्रार नाही. तक्रार आमची आमच्यावरच आहे.

मग आता करायचे काय? समितीने गेले वर्षभर एक काम केले आहे. एक वही केली आहे. तिला आम्ही 'खोलीवही' म्हणतो. दोन चाळी, आठ मजले, १६० खोल्या. प्रत्येक खोलीला एक पान. पानावर पावती कुणाच्या नावाची होती ते लिहिलेच आहे, पण त्याखाली त्या खोलीत खरे कोण राहिले ते लिहायचे आहे. आजी, आई, सुना, लग्न होऊन गेलेल्या मुली, गावाहून शिकायला आलेला पुतण्या, बोळात झोपणारा मामा. कोण कुठल्या गावाहून आले, कुठल्या गिरणीत होते, संपात घर कुणी चालवले. आतापर्यंत ९४ पाने भरली. बाकीची कोरी आहेत. पहिले पान आक्कांच्या खोलीचे. त्यांच्या समोर बसून, त्यांना विचारून लिहिले. त्या पानावर आम्ही सही करून असेही लिहिले आहे, की या बाई या खोलीत चाळीस वर्षे राहिल्या, हे आम्हाला ठाऊक होते आणि वेळेवर आम्ही सांगितले नाही.

या पानाने आक्कांना घर मिळत नाही, हे आम्हाला कळते. त्याही म्हणाल्या, "आता लिहून काय उपयोग, दादा?" आम्हाला उत्तर देता आले नाही. पण ज्यांचे वाद अजून मिटायचे आहेत अशी कुटुंबे या हॉलमध्ये बसली आहेत. त्यांच्यासाठी समितीने ठराव केला आहे. जो माणूस खरोखर राहिला त्याला, जे आम्ही डोळ्यांनी पाहिले ते आम्ही लिहून देऊ. मग समोर देणगीदार असो की अध्यक्षांचा भाऊ. कायद्याने त्याचा जो उपयोग व्हायचा तो होईल, नाही झाला तरी शब्द द्यायला आम्ही चुकणार नाही.

आणि तुमच्याकडे दोन मागण्या. पहिली, घराच्या कागदावर जिथे जिथे शक्य आहे तिथे बायकोचे नाव नवऱ्याबरोबर लावा. उद्यावर टाकू नका. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले ते बाईच्या हक्कासाठी, हे जयंतीला सांगायचे आणि घराच्या कागदावर मात्र एकट्याचे नाव, हे बरे नव्हे. दुसरी मागणी, जुन्या भाडेपावत्या, रेशनकार्डे, गिरणीचे पास, लग्नाच्या पत्रिका, फोटो टाकून देऊ नका. नव्या घरात ट्रंकेला जागा नाही म्हणून भंगारवाल्याला देऊ नका. विहाराकडे आणा, आम्ही नकलून घेऊन परत करू. आणि आज घरी जाण्यापूर्वी दाराजवळच्या टेबलावर खोलीवही आहे, तिथे थांबा. ६६ पाने कोरी आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आपली मुले लिहून घेतील.

बोलण्यात अधिक-उणे झाले असेल तर मोठ्या मनाने समजून घ्या. जेवण तयार आहे. खीर त्याच पातेल्यात आहे. आक्का मागच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना आज पुढे घ्या, पहिली वाटी त्यांना द्या.

नमो बुद्धाय. जय भीम.